परक्यांच्या मयतीला

माझी माय जिजाबाई परक्यांच्या मयतीत इतकी रडायची, की अल्लीपुरात कोणी गेलं तर तिला आधी निरोप यायचा. घरात मात्र ती हूं की चूं करत नसे. त्याला कारण मी, तिचा एकुलता एक रूपराव.

कापसाच्या बंडीवरून पडून तिची कंबर कामातून गेली, तेव्हापासून ती रोज वाटाण्याएवढी अफू घ्यायची. सरकारी परवाना होता, दुकान होतं, बारा वर्षं चाललं. मग सरकारने परवाने आवळत आणले आणि छप्पनच्या उन्हाळ्यात मी तिला नागपूरच्या एका दवाखान्यात नेलं. महिनाभरात अफू सुटली. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. कंबर दुखायची ती दुखतच राहिली, पण त्या दुखण्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

ती कण्हली की परत चोरून अफू घेते या संशयाने मी म्हणायचो, "माय, तोंड उघड." अफूचा कडवट वास मला बरोबर ओळखता येतो, अशी माझी घमेंड होती. वास एकदाही आला नाही. तरी मी हुंगायचं सोडलं नाही, इतका मी शहाणा! हळूहळू तिने कण्हणं सोडलं आणि मला वाटलं, बरी झाली.

मग तिचं मयतीला जाणं सुरू झालं. ओळख असो नसो, काठी टेकत निघायची. बायका म्हणायच्या, "जिजामायचं काळीज लय मऊ हाये." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या पौषात गावातल्या गुलाबबाईचा नवरा गेला. मी पुरुषांसोबत अंगणात बसलो होतो. आत मायने हंबरडा फोडला तो थांबेचना. शेवटी गुलाबबाईच स्वतःचं रडं आवरून म्हणाली, "जिजामाय, तुमी काऊन एवढ्या रडून राह्यल्या?"

"कंबर लय दुखते वं बाई," माय म्हणाली. "इथं रडलं तं कोणी तोंड हुंगत नाई."

अंगणातल्या कोणीच माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर ती भिंतीला धरून ओसरीवर बसली. मी जवळ जाऊन, वाकून विचारलं, "माय, लय दुखते काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने तोंड उघडलं.