दुपारी बाराचं पाणी

मोबाइलवरच्या एका कथांच्या अ‍ॅपवर मी दीड वर्ष बाई होतो. आधी स्वतःच्या नावाने एक कथा टाकली होती. ती फक्त साडूने वाचली, तीही अर्धी. मग बाईचं टोपणनाव घेतलं आणि घाटकोपरच्या चाळीत राहणाऱ्या, मनातून दुखावलेल्या एका सुनेची कहाणी ‘मी’ करून लिहायला लागलो. वाचक तुटून पडले, बहुतेक बायकाच. “ताई, तुम्ही माझ्या घरात डोकावलात का?” असं कोणी लिहिलं की मी ऑफिसात जेवता जेवता ते तीनतीनदा वाचायचो. स्त्रीचं मन आपल्याला कळतं, अशी माझी ठाम समजूत झाली होती. डब्यात भाजी कोणती होती, हे मात्र संध्याकाळी बायकोने विचारलं तर सांगता यायचं नाही.

बायकोला यातलं काही माहीत नाही, असं मी धरून चाललो होतो.

बेचाळिसाव्या भागात नायिकेचं सासूशी भांडण होतं. ती भर दुपारी बारा वाजता मोरीत जाते, नळ सोडते आणि वाहत्या पाण्याच्या आवाजात मनसोक्त रडते. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. संध्याकाळी पहिली कमेंट आली, “ताई, दुपारी बाराला तुमच्या नळाला पाणी असतं?” मग रांगच लागली. ही चाळ कुठे आहे, तिथे खोली मिळेल का, हिच्या घरी पाणी भरतं कोण. शेवटी एकीने लिहून टाकलं, “ही बाई नाहीये. बाप्या आहे.”

माझी वाट लागली. निस्तरायचं तर पुढच्याच भागात पाणी भरण्याचा प्रसंग घालायला हवा होता, आणि आमच्या चाळीत पाणी कधी येतं हेच मला ठाऊक नव्हतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. मी सातला उठतो तेव्हा पिंप भरलेलं असतं, एवढंच मला माहीत.

“आपल्याकडे पाणी किती वाजता येतं गं?” मी होईल तितक्या सहज विचारलं.

मेथी निवडणारे तिचे हात थांबले. “पाच वीसला. पावणेसहाला जातं.”

“रोज?”

“नाही, सणासुदीला.”

दुसऱ्या दिवशी पाचला उठून मी मोरीच्या दारात उभा राहिलो. आधी नळ नुसताच फुसफुसला. पहिलं गढूळ पाणी तिने जाऊ दिलं, मग पिण्याचं फडक्याने गाळून हंड्यात घेतलं, मग पाइप लावून पिंप, मग बादल्या. एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताने ती कंबर दाबत होती.

ती वळून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. “काही हवंय का?”

“नाही, तुझं चालू दे,” म्हणून मी आत गेलो आणि सगळं मोबाइलवर टिपून घेतलं, कंबरेसकट.

त्रेचाळिसावा भाग गाजला. शेवट मी असा केला होता: ‘मी वळून पाहिलं. तो दारात उभा होता, डोळ्यांत माया घेऊन. माझा सगळा शीण पळाला.’ बाप्या म्हणणारीने माफी मागितली.

मग मला राहवेना. इतक्या अनोळखी बायकांनी पास केलं होतं, पण मला हिच्याकडून ऐकायचं होतं. रविवारी तिला सगळं सांगून टाकलं आणि मोबाइल पुढे केला.

“तिसऱ्या भागापासून वाचतेय,” ती म्हणाली. “भांडणातली वाक्यं माझी आहेत. मला नाही कळणार?”

तिने चष्मा लावला आणि नवा भाग शेवटपर्यंत वाचला. मी शाळकरी पोरासारखा समोर बसून होतो.

“पाण्याचं बरोबर आहे,” ती म्हणाली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “हे चुकलंय. मला वाटलं, तुम्ही पाइप धरायला आलात.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या सकाळी ती माझ्याकडे किती वेळ बघत होती, तेही मी टिपून घेतलं होतं आणि त्याचं भलतंच काहीतरी केलं होतं.

ती ओळ मी काढून टाकली. पुढचा भाग अजून लिहून झालेला नाही, ताई कुठे गेल्या म्हणून विचारणा चालू आहे. पाच वीसला आता पाइप मी धरतो. ती दारात उभी राहून बघते, कधी हसतेही. शीण पळत नाही, तिचं बरोबर आहे.