साडूच्या दस्तावर माझा फोटो

उचगावातला एक प्लॉट पाच मिनिटं माझा होता. त्यासाठी मला फक्त एक कोट घालावा लागला.

प्लॉट खरं तर घेत होता माझा साडू, सर्जेराव. म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी थोरला जावई अठरा वर्षं भाड्याच्या घरात, आणि हा मागून आलेला जागेचा मालक होणार! बातमी कळल्यापासून मला जेवण गोड लागेना. मी जळत होतो, लपवण्यासारखं काही नाही. (बायकोपासून तर काहीच लपत नाही.) वर सर्जेरावचा फोन, "दाजी, खरेदीला साक्षीदार तुमीच पायजे. घरचा माणूस बरा."

साक्षीदाराचाही फोटो दस्तावर छापतात हे कळल्यावर मी लग्नातला कोट बाहेर काढला.

"साक्षीला चाललाय का वरातीला?" बायकोने विचारलं.

"सरकारी कागद हाय. जलमभर ऱ्हातोय."

पोटावरचं बटण लागलं नाही, पण फोटो छातीपर्यंतच असतो.

नोंदणी कार्यालयात ही गर्दी. प्लॉट विकणारे आजोबा गगनबावड्याहून पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी आले होते आणि त्यांना दुपारची गाडी गाठायची होती. त्यांचा फोटो आणि अंगठा झाला आणि सर्व्हर बंद पडला. आता तासभर काही होत नाही म्हणून सर्जेराव त्यांना मिसळ खायला घेऊन गेला. दहाव्या मिनिटाला सर्व्हर आला.

"घेणार कोण? बिगी बिगी या," संगणकावरचा माणूस ओरडला.

मी उठलो ते 'बाहेर गेलेत, बोलावतो' एवढंच सांगायला. पण त्याने माझा कोट पाहिला, आवाज खाली आणला आणि स्वतः खुर्ची पुढे सरकवली. "बसा साहेब. झ्याक जागा घेतलीसा की."

सरकारी कचेरीत मला आजवर कुणी बसवलं नव्हतं. मी बसलो. त्याने अंगठा मागितला, मी दिला. कॅमेऱ्याकडं बघा म्हणाला, मी बघितलं. (हसलोसुद्धा.) तेवढ्या वेळात मी मनात दोन मजले चढवले, वास्तुशांत घातली आणि सर्जेरावला शेवटच्या पंगतीला बसवलं.

कागद छापून आतल्या टेबलावर गेला, तोवर सर्जेराव आणि आजोबा परतले. मोठ्या साहेबांनी विचारलं, "सर्जेराव कोण?"

"मी," सर्जेराव म्हणाला.

साहेबांनी कागदावरच्या फोटोकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आणि ह्यो कोण मग? खोटा माणूस उभा केलायसा? गुन्हा हाय ह्यो. दस्त होत न्हाय आज."

आजोबांनी पिशवी उचलली. "मला पुन्यांदा यायला जमायचं न्हाय बाबा. ऱ्हाऊ दे तुझा प्लॉट."

सर्जेरावचं तोंड पांढरं पडलं. एवढे दिवस मनात मागितलेलं समोर घडत होतं, आणि मला मुळीच आनंद होईना. उलट माझी मलाच लाज वाटली.

"साहेब, त्याची काय चूक न्हाय," मी म्हणालो. "मी जळतोय त्याच्यावर. खुर्चीत बसवलं, तवा न्हाय म्हणवंना. पाच मिन्टं मालक झालतो."

रांगेतली माणसं फिदीफिदी हसायला लागली. साहेबांनी चष्मा काढून मला नीट न्याहाळलं.

"नातं काय म्हणायचं तुमचं?"

"साडू."

"मग पटतंय," असं म्हणून त्यांनी माझा फोटो काढून टाकायला लावला आणि सगळं पुन्हा करवून घेतलं. आजोबांना गाडी मिळाली. सर्जेरावने मला पेढा भरवला, तो मी कसाबसा गिळला.

साक्षीदाराच्या रकान्यात मी अजून आहे, कोटासकट. बायकोने त्या पानाची झेरॉक्स मागून आणली आणि आमच्या भाड्याच्या घरात फ्रीजवर चिकटवली. येणारे पावणे बघतात आणि विचारतात, "प्लॉट घेतलासा व्हय?"

मला अजूनही न्हाय म्हणवत नाही.