शाळा हलली, शालन राहिली

पोह्याच्या पापडांचं पीठ कुटून झालं होतं आणि मी लाट्या करायला बसले होते. हात तेलकट, म्हणून फोन पहिल्यांदा वाजला तो तसाच वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा पदरात धरून उचलला. पलीकडे प्राजक्ता होती, शालनची सून. म्हणाली, "मावशी, आई गेल्या." मला वाटलं, ही पुन्हा अलिबागला गेली असेल, कुठल्या तरी साहेबाला भेटायला. मी विचारलंसुद्धा, "एकटीच गेली काय? सोबत कुणी नाही?" पलीकडून तिचा हुंदका ऐकू आला आणि 'गेल्या' म्हणजे काय ते मला कळलं.

दुपारचं जेवून ती मधल्या खोलीत आडवी झाली होती. चहाला उठवायला यशवंत भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. गावात लोक म्हणतात, कारखान्याच्या धुरानं गेली. मी तसं लिहिणार नाही. मला ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेलं बोललेलं शालनला खपत नसे. सभेत कुणी भावनेच्या भरात भलतंच काही ठोकून द्यायला लागलं की ती त्याचा हात धरून त्याला खाली बसवायची. "जेवढं आपल्या नाकाला कळतं तेवढंच बोल," म्हणायची. "तेवढं पन पुष्कळ हाय."

आम्ही दोघी एकाच आळीतल्या. नागाव आणि काशीदच्या मधे, डांबरी रस्ता सोडून समुद्राकडे उतरलं की आमचं गाव लागतं. माझं लग्न पेणला झालं, तिथल्याच वाचनालयात नोकरी करून मी निवृत्त झाले. शालनचं सासर मात्र गावातच, माहेराहून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. "तू गाव सोडलंस, मी नुसती आळी बदलली," असं ती हसत म्हणायची, आणि त्या हसण्यात कुठं खंत नसायची. तिच्या घरासमोर मराठी शाळा, आणि शाळेच्या भिंतीला लागून बर्फाचा जुना कारखाना. होड्यांना तिथून बर्फ जायचा तेव्हा आम्ही पोरी दाराशी घोटाळायचो आणि लादी फोडताना उडालेले तुकडे फ्रॉकच्या ओच्यात धरून पळायचो. पुढं कारखाना बंद पडला, पत्रे गंजले. शालनची वाडी मात्र फुलत गेली. नारळ, सुपारी, मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. मुंबई-पुण्याची माणसं तिच्या हातचं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी खायला पुन्हा पुन्हा यायची. मुलगा नीलेश किनाऱ्यावर पर्यटकांची बोट चालवायचा. शाळेतून पाढ्यांचा आवाज यायचा आणि मुलं कुठं चुकली तर शालन चुलीपुढं बसल्या बसल्या पाढा दुरुस्त करायची. त्या घराच्या खिडक्या कधी लावलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

बर्फाच्या कारखान्याला रंग लागला तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला होता. प्लास्टिकचा कारखाना येणार म्हणजे बादल्या, घागरी, खुर्च्या बनणार, अशी गावाची समजूत. शालननं तर मला मुद्दाम फोन केला. "कुंदे, आता आमच्या पोरींना कामासाठी लांब जायला नको." मग ट्रक यायला लागले. कुठल्या कुठल्या शहरांतला कचरा दाबून बांधलेले गठ्ठे त्यांतून उतरायचे. दुधाच्या पिशव्या, वेफरची पाकिटं, औषधांच्या बाटल्या. ते धुवायचं, वितळवायचं आणि त्याचे दाणे करून पुढं पाठवायचे, एवढंच तिथलं काम. दुधाची पिशवी चुकून चुलीत पडली तर जो वास सुटतो, तोच वास दुपार कलली की आळीभर पसरायचा आणि पांगायचा म्हणून नाही. दोरीवरचे कपडे, वाळत घातलेले कोळंबीचे सोडे, उशांचे अभ्रे, सगळ्याला तो लागायचा. ऐन चैत्राच्या उन्हात शाळेतल्या बाई वर्गाच्या खिडक्या लावून शिकवायला लागल्या. शालनच्या घराच्या खिडक्याही लागल्या, त्या लागल्याच. एकदा तिच्याकडं उतरलेलं कुटुंब जेवणाआधीच सामान आवरून निघालं. जाताना त्यातली बाई म्हणाली, "काकू, राग मानू नका, मुलीला मळमळतंय." सुरमई तळून झाली होती. शालन मला सांगत होती, "ती बाय खोटं बोलली असती ना, तर बरं वाटलं असतं गं. भांडता तरी आलं असतं."

मग ती भांडायला उभी राहिली. स्वभावानं ती पुढारी नव्हे. पण घरोघरी फिरून तिनं आळीतल्या बायका गोळा केल्या आणि एका सकाळी शाळेच्या वळणावर त्या ट्रकपुढं बसल्या. ड्रायव्हर खाली उतरला, बिचारा परप्रांतातला, त्याला काही कळेना. शालननं त्याला आधी पाणी दिलं आणि मग सांगितलं की गाडी पुढं जाणार नाही. त्या दिवशी गाडी खरंच गेली नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या जीपमागून गेली. तपासणीला साहेब यायचे तेव्हा मशीन बंद असायचं आणि वारा समुद्राकडून यायचा. साहेब नाक वर करून हुंगायचे, म्हणायचे, "आत्ता तर काही जाणवत नाही." शालन म्हणायची, "साहेब, आज माज्याकडं ऱ्हावा. खोली रिकामीच हाय." कुणीही राहिलं नाही.

या सगळ्यात एक गाठ अशी बसली की ती शेवटपर्यंत सुटली नाही. पाहुणे तुटले, किनाऱ्यावरही पूर्वीसारखी गर्दी होईना, नीलेशची बोट दिवसचे दिवस वाळूत पडून राहायला लागली. आणि प्राजक्ता त्याच कारखान्यात गठ्ठे फोडायच्या कामाला लागली. आळीतल्या आणखीही पोरी जायच्या, पण शालनची सून जाते म्हटल्यावर तोंडं सुटणारच. ज्या ग्रामसभेत कारखान्याविरुद्ध ठराव यायचा होता, तिला मी योगायोगानं हजर होते. शालन बोलायला उठली तोच मागून एक जण म्हणाला, "काकी, कारखाना बंद करा म्हनता, आनि तुमची सून तिथं जाते. आधी घरातलं बंद करा की." सभा हसली. शालनला हजरजबाबी म्हणून सगळं गाव ओळखतं. ती खाली बघत राहिली. तेव्हा बायकांमधून प्राजक्ता उभी राहिली. "मी जाते. नवऱ्याच्या बोटीला गिऱ्हाईक न्हाय म्हनून जाते. पन तिथं कामाला हाय म्हनून मला वास येत न्हाय असं न्हाय. तुमच्यापेक्षा जास्तच येतो." एवढं बोलून ती बसली. ठराव झाला. दुसऱ्या दिवशी प्राजक्ता नेहमीसारखी कामावर गेली, तर मुकादमानं तिला गठ्ठ्यांवरून काढून, धूर थेट तोंडावर येतो त्या वितळवायच्या मशीनपाशी उभं केलं होतं.

आणि पुढं ते तसंच होत राहिलं. शालन कुठं मोर्च्यात दिसली, कुणापुढं बोलली की प्राजक्ताला मशीनपाशी पाठवायचे. शालन थोडी गप्प झाली की पुन्हा गठ्ठ्यांवर आणायचे. तोंडानं कुणी काही म्हणत नसे. एकदा फोनवर शालननं मला विचारलं, "बोलू का गप बसू? तूच सांग. तू पुस्तकांत ऱ्हायलीस एवढी." मागून प्राजक्ताचा आवाज आला, "तुम्ही बोला, आई. मशीनपाशी पंखा तरी हाय." दोघी हसल्या... मी नुसती फोन कानाला लावून बसले.

अखेर वरच्या साहेबांपुढं सुनावणी झाली. तिथं पहिल्यांदाच कुणीतरी मान्य केलं की शाळेला एवढ्या लागून असा कारखाना असणं बरोबर नाही. बायका अलिबागहून परतल्या त्या गात परतल्या. शालननं आळीत नारळाच्या वड्या वाटल्या, एक डबा मला पेणला धाडला. पुढं काही महिन्यांनी हुकूम आला तो असा की शाळा हलवावी. रस्त्यापलीकडं मोकळ्या जागेत नवी इमारत उभी राहिली. गुळगुळीत फरशा, रंगीत भिंती, खेळायला मैदान. कारखान्याच्या मालकानं मदत केली म्हणून त्याच्या नावाची पाटीही लागली. उद्घाटनाला भाषणं झाली. सगळे म्हणाले, गावाच्या लढ्याला यश आलं. ते खोटंही नव्हतं, मुलं खरोखरच त्या वासातून सुटली होती. त्यावर तक्रार करायची तरी कशी? कार्यक्रमात पहिल्या रांगेत शालनला बसवून तिच्या हातात पुष्पगुच्छ दिला. टाळ्या वाजत होत्या. मी पेणहून मुद्दाम आले होते, तिच्या मागच्याच खुर्चीवर होते. ती माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "शाळा होती म्हनून त्ये बिचकत व्हते गं. आता आमच्यासाठी कोन बिचकनार?"

तसंच झालं. रिकाम्या शाळेत गठ्ठे रचले गेले. जिथून पाढे ऐकू यायचे तिथून आता गठ्ठे आपटल्याचे आवाज येऊ लागले. ज्यांची मुलं शाळेत होती त्या बायका आता सभेला येईनात. त्यांचं काम झालं होतं, त्यांना तरी काय म्हणायचं! घर विकून टाकावं म्हणून नीलेशनं खटपट केली. बोरिवलीकडचं एक जोडपं वाडी बघायला आलं, सुपारीच्या झाडांचे फोटो काढले, तेवढ्यात वारा फिरला. बाईनं नाकाला रुमाल लावला, पुरुषानं घड्याळ पाहिलं. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. आजूबाजूला कळल्यावर दुसरं कुणी फिरकलंही नाही. कारखान्याचा माणूस तेवढा अधूनमधून विचारून जायचा, घर देणार काय. शालन त्याला चहा द्यायची आणि नाही म्हणायची.

मी तिला हट्टानं पेणला आणलं होतं. आल्या आल्या तिनं पिशवीतली सगळी लुगडी काढून पुन्हा धुतली, वाळल्यावर एकेक नाकाशी धरून पाहिलं आणि लहान मुलीसारखी हसली. रात्री पडल्या पडल्या म्हणाली, "इथं झोप कशी गोड लागते." मी म्हटलं, "मग राहा ना. भाऊजींनाही आण." तिनं कूस बदलली. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाली, "आनि प्राजक्ताला तिथं ठेवू? झाडांना पानी कोन घालील? मी इथं चांगला वारा खाते हे आठवून तिथं त्यांना जास्त वास येईल गं." दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं ती परत गेली. खिडकीतून हात हलवताना ती माझ्याकडं बघत नव्हती, स्टँडमागच्या डोंगराकडं बघत होती. ती आमची शेवटची भेट.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. त्यानंतर काही आठवड्यांनी मी पुन्हा गेले. भाऊजी ओटीवर बसले होते. त्यांना आताशा कमी ऐकू येतं, त्यामुळे आमच्यात बोलणं थोडंच. कारखाना चालूच होता. संध्याकाळी भोंगा झाला, तो मात्र त्यांना बरोबर ऐकू आला. ते उठले आणि मागच्या पडवीत गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर न्हाणीघराच्या चुलीपुढं उकिडवे बसून ते झावळ्या पेटवायची खटपट करत होते. वर पाण्याचा हंडा. सगळा धूर त्यांच्याच डोळ्यांत जात होता. मी म्हटलं, "भाऊजी, सरा, मी करते." त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मग फुंकणी बाजूला ठेवून म्हणाले, "प्राजक्ता आली की आधी न्हाते, मगच घरात पाय घालते. गरम पान्याबिगर तो वास जात न्हाय. ही रोज तापवायची."

मी विचारलं, "रोज?"

"रोज. कारखान्याच्या दारात घोषना देऊन यायची नि येऊन आधी चूल पेटवायची. कुनाला सांगायची न्हाय. सुनेला पन कधी बोलली न्हाय. नुसतं पानी तयार असायचं."

जन्मभराची मैत्रीण मी, मलाही ती कधी बोलली नव्हती.

तेवढ्यात मागच्या दारानं प्राजक्ता आली. डोक्याला फडकं, हातांना काळे डाग. माझ्याकडं बघून हसली, पण जवळ आली नाही. लांबूनच म्हणाली, "मावशी, थांबा हां, आधी न्हाते." तिनं हंड्यात बोट बुडवलं आणि झटकन काढलं. "बाबा, लई कढत केलंत. आई विसन घालायच्या." भाऊजी गोंधळले. बादलीतला गार पाण्याचा तांब्या त्यांनी हंड्यात ओतला, स्वतः बोट घालून पाहिलं, मग आणखी अर्धा ओतला आणि विचारलं, "आता?"

"आता बरं हाय," प्राजक्ता म्हणाली.

न्हाणीघराचं दार लागलं. आतून पाणी अंगावर घेतल्याचा आवाज येऊ लागला. मी घरात वळले. भाऊजी मात्र चुलीपुढून उठले नाहीत, कोयता घेऊन उद्यासाठी करवंट्या फोडत बसले.