जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेला बाण

कार्बनचा बाण आतून पोकळ असतो हे मला कॅम्पवर कामाला लागेपर्यंत माहीतच नव्हतं. पेन्सिलीएवढी काळी नळी, पुढे लोखंडी टोक, मागे दोरीत अडकवायची खाच, बस. पवना धरणाच्या काठावरच्या त्या कॅम्पवर मी शनिवार-रविवार पाहुण्यांना धनुष्यबाण शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, कोपर वर धरा, पायात अंतर ठेवा, मित्रावर नेम धरू नका, एवढंच. घर लोणावळ्याला, रोजचं जाणं-येणं जमेना, म्हणून तिकोणा पेठेत मामाकडे राहायचे.

पाहुण्यांचे निम्मे बाण पेंढ्याच्या गठ्ठ्याला लागायचेच नाहीत. मागच्या दगडी बांधावर आपटायचे आणि टोकाच्या मागे फुटायचे. कॅम्पवाले ते पोत्यात टाकून द्यायचे. एकदा विचारलं नेऊ का, म्हणाले ने की, आणि मी सगळं पोतंच उचलून आणलं.

मामा सुतार. बंगल्यांची दारं-खिडक्या करतोच, पण गावात त्याला मान आहे तो दांड्यांसाठी. कुदळीचा दांडा चिरला, कोयत्याची मूठ फाटली की भाताच्या आवणीच्या आधी लोक त्याच्याकडे घेऊन येतात. तो सहसा नवा दांडा घालत नाही. चिरेत डिंक भरतो आणि वरून मासे धरायच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा गुंडाळतो, वेढ्याला वेढा खेटून, इतका घट्ट की तो दांडा पुढे वर्षानुवर्षं चालतो. दोऱ्याचं शेवटचं टोक तर सापडतच नाही. ते वेढ्यांच्या खालून ओढून घ्यायची त्याची एक पद्धत आहे.

कॅम्पवरचं धनुष्य बघायला तो एकदा आला होता. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं बघून म्हणाला, "सायकल हाय का ही?" आणि आठवड्यात त्याने मला बांबूचा कमठा करून दिला. ना चाकं, ना नेम धरायची काडी. सरळ साधा. मी वेडीच झाले. रोज संध्याकाळी घरामागच्या खाचरात आम्ही दोघं, पेंढा उभा करून. मामाला तर माझ्याहून जास्त नाद लागला. मामी पडवीतून म्हणायची, "वाघ दिसला का वं मामा-भाचीला?"

बाण मजबूत करायची पहिली युक्ती माझी. बंद पडलेल्या रेडिओची ओढून लांब होणारी अँटेना असते ना, एका नळीत दुसरी, दुसरीत तिसरी. त्यातली एक कार्बनच्या बाणावर बरोब्बर बसत होती. बोटाच्या पेराएवढे तुकडे मामाने करवतीने कापले, मी कानशीने घासले. फुटलेलं तोंड कापून टाकायचं, दोन ट्यूबांतला गम एकत्र कालवून लावायचा आणि अँटेनाची ती कडी पुढून सरकवून लोखंडी टोक परत बसवायचं. पहिला बाण मी मुद्दाम बांधाच्या दगडावर मारला. टण्ण वाजला आणि तसाच्या तसा पडला, एक चीर नाही. मी नाचले. मामाने बाण उचलला, तोंड निरखलं आणि पुढची कडी कापायला बसला. पुढून जड झाल्यामुळे बाण जरा खाली पडायचा, मग आम्ही नेम वर धरायला शिकलो. असे कितीतरी बाण वाचवले. त्या महिन्याइतकी मी कशातच रमले नसेन.

मग पोत्यात एक बाण निघाला, मध्येच चिरलेला. केसासारखी रेघ, बोटभर लांब. कॅम्पवर ज्या दादाने मला शिकवलं त्याने पहिल्याच दिवशी दम भरला होता, की सोडायच्या आधी प्रत्येक बाण कानाशी धरून वाकवायचा. करकरला तर मोडून टाकायचा, विचारसुद्धा करायचा नाही. मी मामाला हे सांगितलं. तो हसला.

"मोडायचा कशाला? दांडा चिरला म्हून आपून मोडतो व्हय? बांध की. तूच बांध, मी बघतो."

मी बांधला. गम भरला, जाळ्याचा दोरा घेतला, वेढ्याला वेढा. आणि पहिल्यांदाच माझ्या दोऱ्याचं टोक आत गेलं, दिसेनासं झालं. मामाने बाण उजेडात फिरवला आणि म्हणाला, "हा माझ्या हातचा वाटतोय." मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकी मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही खाचरात गेलो. मी बाण कानाशी धरून वाकवला. कर्र, असं बारीक वाजलं. अगदी बारीक. मला वाटलं गम नवा आहे, तो वाजला असेल. खरं सांगायचं तर मला तो गमच असायला हवा होता. मामा हात पुढे करून उभा होता, मला त्याचा व्हिडिओ काढायचा होता, मोबाईल दुसऱ्या हातात तयार होता. मी बाण दिला.

कमठ्याला बाण टेकवायला जागा नसते, तो डाव्या मुठीवरच ठेवायचा. मामाने ओढला, सोडला. वाळकी काटकी पायाखाली यावी तसा आवाज झाला. पेंढ्याकडे काहीच गेलं नाही. मामा आपल्या हाताकडे बघत होता. अंगठा आणि बोटाच्या मधल्या मांसात काळ्या सुया शिरल्या होत्या, कितीतरी.

"आगं," तो हळूच म्हणाला, "ह्ये काय झालं."

शेजारच्यांच्या टेम्पोतून कामशेतला नेलं. डॉक्टर म्हणाले, कार्बन एक्स-रेत दिसत नाही, चाचपून जेवढं लागेल तेवढं काढू. काढलं. पंधरा दिवसांनी हात परत सुजला. मग पिंपरीला ऑपरेशन झालं. आता मामाचा डावा अंगठा बोटाला टेकत नाही. लाकूड तासताना पटाशी डाव्या हातात धरायची असते, उजव्यात हातोडा.

मी सगळ्यांना सांगितलं की बाण फुटला. ते खरंच होतं. सगळे म्हणाले, असल्या वस्तूंचा भरवसा नाही. आवाज आला होता का, असं मला कुणीच विचारलं नाही. मी कॅम्प सोडला आणि लोणावळ्याला घरी आले. मामाला फोन करायचे, हात कसा आहे विचारायचे. तो म्हणायचा, बरा हाय.

मग एके दिवशी मामीचाच फोन आला. पट्टी निघाल्यापासून मामा गावात घरोघरी जातोय, म्हणाली. स्वतः बांधलेले दांडे मागून घेतो, दोरा ब्लेडने कापतो आणि सांगतो, नवा बसवून घ्या. लोक आधी हसले. एक म्हातारे आबा म्हणाले, अरे माझा कोयता तू बांधून सात वर्षं झाली, अजून हललेला नाही. मामाने तोही कापला. म्हणाला, कुणाच्या तरी हातात फुटेल.

"तू ये," मामी म्हणाली. "तुझं ऐकत्यात ते."

मी गेले. मामा पडवीत बसला होता. समोर दांड्यांचा ढीग, बाजूला कापलेल्या दोऱ्याची गुंतवळ. कुदळीचा एक दांडा पायात दाबून उजव्या हाताने तो वेढे कापत होता. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, नाहीतर बोलले नसते.

"मामा, त्या दिवशी मी बाण वाकवून बघितला होता. आवाज आला होता. तरी तुला दिला."

ब्लेड थांबलं.

"तवापासनं ठाव हाय तुला?"

मी हो म्हटलं.

"पाच महिनं मी लोकांच्या दारात जाऊन माझंच बांधलेलं तोडतोय," मामा म्हणाला. "मला वाटलं, माझ्या बांधण्यातच खोट हाय. आन् तू तितं बसून."

मी घाईघाईने बोलत सुटले. लाकूड वेगळं, कार्बन वेगळं, लाकडाला दोरा धरून ठेवतो, कार्बन आतल्या आत तुटत जातो, दोऱ्याने फक्त चीर झाकली जाते, तुझे दांडे पक्के आहेत मामा, सगळे पक्के आहेत. तो ऐकत होता. मामी दारात येऊन उभी राहिली, आणि परत आत गेली.

मग त्याने ढिगातून एका कोयत्याची मूठ काढली. दोऱ्याचं रीळ घेतलं. मूठ गुडघ्यांत धरली आणि दोऱ्याचं टोक डाव्या हाताने दाबून पहिला वेढा घालायला गेला. अंगठा टेकला नाही. टोक निसटलं. त्याने ते दातात धरलं, परत वेढा घातला. दुसरा वेढा पहिल्याला खेटला नाही, मध्ये फट राहिली.

मी हात पुढे केला, टोक धरायला.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाला.

मी हात मागे घेतला. त्याने दोरा उलगडला आणि परत पहिल्यापासून घालायला लागला.