काठीचं टोक

शाळा डोंगरापलीकडे होती. पावसाळ्यात शेवाळलेल्या कड्यावरून मला दर सोमवारी एक कातकरी पार करून न्यायचा. निसरडं आलं की काठीचं टोक मुंडाशाला पुसून माझ्यापुढे धरायचा.

"मास्तर, काठी धरा. हात नको, परत आंघोल करावी लागंल."

यात टोमणा नसायचा, हेच मला बोचायचं.

एका सोमवारी त्याचाच पाय घसरला आणि काठी माझ्या हातात राहिली. तो हाताच्या अंतरावर होता, त्यानं हात वर केला. मी काठी पुढे केली. ओली काठी त्याच्या मुठीतून निसटली आणि तो खाली करवंदीच्या जाळीत गेला.

महिन्याभरानं तो लंगडत आला. कड्यापाशी थांबून त्यानं काठीचं टोक पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

मी ते धरलं.