जत्रेच्या दिवशीची फवारणी

नव्वदीच्या दशकात बारामतीच्या एका पॅकहाउसवर, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरायच्या जागी, मी वह्या तपासायचो. आमच्या भागातली द्राक्षं नुकतीच परदेशी जाऊ लागली होती. कोणत्या बागेला कधी काय औषध मारलं, ते शेतकऱ्यानं वहीत लिहायचं आणि काढणीआधी महिनाभर फवारणी बंद ठेवायची, एवढाच नियम. पण सोपं काम सरळ करतील तर ती आमची माणसं कसली.

सणसरकडच्या एका गावातल्या नऊ जणांनी वह्या आणून दिल्या. अक्षर सगळीकडं एकच, गावच्या शाळेतल्या गुरुजींचं. एका दुपारी बसवून लिहून घेतलेलं. तेही चालवून घेतलं असतं, पण शेवटची फवारणी नऊही जणांनी सव्वा महिन्यापूर्वीच्या जत्रेच्या दिवशी दाखवली होती. गुरुजी परगावचे, त्यांना काय ठाऊक? जत्रेला त्या गावात कुणी शेताकडं फिरकत नाही. मी स्वतः त्या दिवशी तात्यांच्या पंगतीला मटण ओरपत होतो.

तात्या त्या नवांतलेच. त्यांची बाग वाटेवर म्हणून थांबलो. तोडणी दुसऱ्या दिवशी होती. पाइप धरून औषध मारायची ती त्यांची सून, म्हणून तिलाच विचारलं. तिनं सासऱ्यांकडं पाहिलं नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतलं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. फवारणीच्या प्रत्येक तारखेवर कोळशाची रेघ होती. शेवटची आठ दिवसांपूर्वीची.

"घडांवर भुरीचा रोग आलता," ती म्हणाली. "तिकडं बी लेकरंच खाणार न्हवं का?"

तात्यांनी कॅलेंडर हातात घेऊन ती रेघ पाहिली. मग म्हणाले, "व्हय, मारलंय. आमचा माल पुण्यालाच जाऊ दे."

मला तिचं फार कौतुक वाटलं. आणि परत येऊन उरलेल्या आठ वह्यांवर मी मुकाट सह्या केल्या. कंटेनर दारात उभा होता, आठ घरांशी वैर कोण घेणार?

माल तिकडच्या बंदरात अडला. द्राक्षांत औषध सापडलं. पुढच्या हंगामात त्या गावचा माल परदेशासाठी घ्यायचा नाही, असं ठरलं. त्या पुढच्या हंगामात तात्यांनी सुनेच्या रेघा बघून स्वतः वही भरली होती, शब्द न् शब्द खरी. गावाबरोबर तीही नाकारली गेली; ती परत द्यायला मीच गेलो. फार लाज वाटत होती.

सून पाइप गुंडाळत होती. सगळं ऐकून म्हणाली, "भाऊ, सह्या करायच्या आधी त्या आठ जणांच्या मोटारीच्या खोलीत तुमी गेलता का?"

नाही म्हणालो. तिनं वही घेतली आणि आत गेली.