तानाजीरावांची ‘डॉजी’ रीडिंग्ज

इंग्लंडच्या ग्राहकाचा मेल आला होता. ‘तिन्ही सॅम्पलमध्ये बेअरिंग बसत नाही. तुमची रीडिंग्ज डॉजी वाटतात.’ पाठोपाठ साताऱ्याच्या हेड ऑफिसमधून साहेबांचा फोन.

“मॅडम, डॉजी म्हणजे लबाड. डिक्शनरीत बघितलं मी. तानाजीला आजच घरी पाठवा.”

तानाजीराव रहिमतपूरचे, फौजेतून निवृत्त. आमच्या कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये बेअरिंग बसवायच्या भोकांची मापं तेच घेतात. मी क्वालिटी बघते. त्यांना बोलावून विचारलं.

“जे दिसलं ते लिवलंय, मॅडम. काढायचं तर काढा, पन खोटं लिवलं म्हनू नका.”

दुपारी, तिकडे ऑफिस उघडल्यावर, मी ग्राहकाला फोन लावला. तो हसला. म्हणाला, “अहो, हा बोलण्यातला शब्द. लबाड माणूस डॉजी, खरखरणारा फोन डॉजी, काल खाल्लेला मासाही डॉजी. भरवसा वाटत नाही, एवढंच. कारण तुम्ही शोधा.” त्याने दोन दिवस दिले. बाकीचा लॉट आमच्याकडेच पॅक होऊन पडला होता.

मी यादी केली: माणूस, मशीन, गेज, मास्टर. माणसाच्या मागे साहेब होतेच, म्हणून मी शेवटून सुरुवात केली.

मास्टर म्हणजे अचूक मापाची स्टीलची रिंग. रोज भोक मोजायचं गेज तिच्यात घालून शून्यावर आणायचं, मग भोकं मोजायची. रिंग उजेडात धरली. आत पिवळट थर. खंडेनवमीला आम्ही मशीनबरोबर मापाच्या साधनांनाही हळदकुंकू लावतो. ओली हळद आत ओघळून वाळली होती. तेवढ्याने रिंगचं भोक लहान झालं, गेजचं शून्य चुकलं आणि लहान भोकं पास झाली.

साहेबांना स्पीकरवर फोन करून हळदीचं सांगितलं. “पूजा कुणी केली होती?” त्यांनी विचारलं.

“मीच.”

तानाजीराव शेजारीच उभे होते. “रिंग पुसायचं काम माजं हाय, साहेब. देवाची हळद कशी पुसायची, म्हनून ऱ्हाऊ दिली.”

मग साहेब म्हणाले, “बरं. लॉट दुरुस्त करा. दोघंही कामाला लागा.”

भोकं पुन्हा घासून मापात आणली. लॉट गेला, बेअरिंग बसली. ग्राहकाने दोन दिवस न देता सरळ ‘रिजेक्ट’ लिहिलं असतं तर एका सच्च्या माणसाची नोकरी गेली असती. त्याचे आभार मी तेव्हाच मानले. माझ्या चुकीत वाटा उचलला म्हणून तानाजीरावांचे मानायला गेले, तर म्हणाले, “आवं मॅडम, त्यात काय.”

पूजा अजूनही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी रिंग स्पिरिटने पुसून सही करायची, ही ओळ आता चेकलिस्टमध्ये आहे. पहिली सही माझी.